चांदणीचं बटण

शोरूममध्ये सगळे तिला मास्तरीण म्हणत. गळ्यातल्या कार्डावर तिच्या हुद्द्याचं नाव दोन ओळींत छापलेलं होतं, पण ते कुणी, तिनेसुद्धा, शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. काम सांगायला सोपं होतं. गाडी विकली जाई पुढच्या काचेच्या दालनात आणि ताब्यात दिली जाई मागच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली. तिथवर येईतो विकणारा आणि घेणारा दोघांचाही उत्साह ओसरलेला असे. विकणाऱ्याचं काम झालेलं असे, घेणाऱ्याला घरी जायची घाई असे. दोघांच्या मधे मास्तरीण उभी असे आणि किल्ली तिच्या हातात असे.

गाडीत काय काय आहे हे समजावल्याशिवाय ती किल्ली सोडत नसे. नुसतं समजावून भागत नसे. घेणाऱ्याने प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने चालू करून दाखवायची आणि मग बंद करून दाखवायची. मान डोलावणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता.

"मॅडम, मी वीस वर्षं गाडी चालवतोय," एखादा म्हणे.

"हीच?" ती विचारी.

मग तो निमूट बटणं दाबायला बसे.

तिचं तत्त्व एकच होतं. जे चालू होतं ते बंद करता आलं पाहिजे. नळाचं तसं, शेगडीचं तसं, तोंडाचंही तसंच.

नव्या गाड्यांत अशा गोष्टी पाच होत्या. गाडी रस्त्यावरच्या पट्ट्याबाहेर गेली की स्टिअरिंग थरथरे. वेग वाढला की एक बाई बोले. चालकाचे डोळे मिटू लागले की समोर चहाचा कप उमटे. आसपास कुणी फिरकलं की पीप पीप सुरू होई. आणि पुढे काही आडवं आलं तर गाडी आपण होऊन ब्रेक लावी. पाचही बंद करता येत, पण गाडीतल्या पडद्यावर एका यादीतून दुसरीत शिरत, एकेक करून; आणि गाडी पुन्हा सुरू केली की पाचही पुन्हा जाग्या. कंपनीचं म्हणणं असं की माणूस विसराळू असतो.

स्टिअरिंगवर मात्र अंगठ्यापाशी चांदणीचं चित्र असलेलं एक बटण होतं. मालकाच्या सर्वांत आवडत्या कामासाठी कंपनीने ते मोकळं सोडलं होतं. आवडतं गाणं, घरचा फोन, ज्याला जे हवं ते. त्याला काम कसं नेमून द्यायचं हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, आणि ती पुस्तिका वाचलेली व्यक्ती शोरूममध्ये एकच होती. ती प्रत्येकाला विचारी, "चांदणीला काय लावू?" लोक क्षणभर विचार करत आणि जवळजवळ सगळे एकच मागत: ही पाचही भुतं एका फटक्यात गप्प करता येतील का? मालकांचं सर्वांत आवडतं काम कळलं होतं. ती ते लावून देई, त्यांच्याकडून दाबून घेई आणि मगच किल्ली देई.

त्या दिवशी मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजरला लवकर घाम येई. त्याने एसीचा झोत स्वतःकडे वळवून घेतलेला होता.

"मास्तरीणबाई, आपला पहिला नंबर आलाय," तो म्हणाला. "शेवटून."

"कशात?"

"वापरात. गाड्या वर कंपनीला कळवतात ना सगळं. कुणाच्या गाडीत काय चालू, काय बंद. वरच्यांनी सगळ्या शोरूमचे आकडे काढले. बाकीचे नव्वद टक्क्यांच्या घरात. आपण दहाच्याही खाली."

मास्तरीण गळ्यातलं कार्ड उलटसुलट करत राहिली.

"उद्या वरून माणूस येतोय. त्यांचं म्हणणं, जिथे समजावून उपयोग होत नाही तिथे माणूस कशाला? पडदा लावायचा. त्यावर छोटी फिल्म. बाकी शोरूममध्ये लागलेसुद्धा पडदे." त्याने कपाळ पुसलं. "म्हणजे तुमची जागा जाते. मी गोल गोल बोलत नाही."

"ते कळलं."

"आणि तुम्ही तर गाडी दिल्यानंतर फोन करून विचारता सगळ्यांना! फोनवर सगळे हो म्हणतात. हे काय गौडबंगाल आहे?"

गौडबंगाल तिलाही ठाऊक नव्हतं. आपण नीट शिकवतो एवढं तिला ठाऊक होतं. नीट शिकवून शेवटचा नंबर कसा येतो, यावर ती दिवसभर विचार करत राहिली आणि त्या नादात एका ग्राहकाकडून वायपर दोनदा चालू-बंद करून घेतला.

वरून आलेला माणूस सडपातळ होता आणि पाठीची पिशवी पोटाशी धरून बसत होता. नावाची ओळख झाली, पण चहा येईपर्यंत शोरूममध्ये त्याचं नाव आकडेवाला पडलेलं होतं. तो आवाज चढवत नव्हता. त्यामुळे मॅनेजरला जास्त घाम येत होता.

"मला तुमचे फोन ऐकायचे आहेत," तो म्हणाला.

फोन ध्वनिमुद्रित होत असत. आकडेवाल्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. केबिनमध्ये मास्तरणीचा आवाज घुमला. आपला आवाज इतका दरडावणारा आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"लेनचं चालतं ना हो?"

"चालतं की."

"आणि ती वेगाची बाई?"

"चालतंय, चालतंय."

"चहाचा कप?"

"चालतो हो. आपली काही हरकत नाही."

आकडेवाल्याने लॅपटॉप थांबवला. "हे 'चालतं' म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे चालू असतं," मॅनेजर घाईघाईने म्हणाला.

"म्हणजे बिघडलेलं नाही," मास्तरीण म्हणाली.

दार उघडंच होतं. बाहेर विम्याच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी मान न वळवता भर घातली, "म्हणजे असलं तर असू दे बापडं."

आकडेवाल्याने तिन्ही अर्थ लिहून घेतले. "वर याचा अर्थ 'रोज वापरतात' असा लावला गेलाय," तो म्हणाला. "तुम्ही त्यांना काय विचारत होता?"

"चालतं का."

"वापरता का, असं नाही विचारलं?"

"घेतलेली गाडी वापरता का, असं कोण विचारतं?"

त्यावर त्याने काही लिहिलं नाही. त्याला एखाद्या मालकाच्या घरी जायचं होतं, त्याच्या गाडीत बसायचं होतं. मॅनेजरने मास्तरणीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "यांच्या मामांनी आपल्याकडूनच गाडी घेतलीय! घरचाच माणूस. मोकळेपणी बोलतील."

मास्तरणीने छपरामागे जाऊन मामांना फोन लावला.

"मामा, उद्या सकाळी कंपनीचा माणूस येतोय तुझ्याकडे. गाडीतलं सगळं वापरतोस का विचारेल. हो म्हण."

"खोटं बोलू म्हणतेस?"

"पूर्ण नको. थोडं. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, मामा."

"अगं, मग खोटं कशाला? रोज वापरतो मी. तू शिकवलंस तस्सं. एक दिवस चुकवलेलं नाही. तू बिनघोर ये."

ती बिनघोर झाली. तिथेच चुकलं.

मामांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं आणि घर दुकानाच्या मागेच होतं. दारात गाडी उभी होती, तिच्यावर मोठाल्या निळ्या फुलांचं आवरण होतं. दुकानातले उरलेले तुकडे जोडून मामींनी ते स्वतः शिवलं होतं, खालून झालरही लावली होती. दुरून पाहणाऱ्याला कुणीतरी सोफा बाहेर काढून ठेवलाय असं वाटे.

मामा ठेंगणे आणि हसरे होते. हसऱ्या माणसांचे असतात तसे त्यांचे डोळे बारीक होते. हसू नसतानाही ते अर्धे मिटलेले दिसत. मामी उंच होत्या आणि दुकानात कात्री त्यांच्या हाती असे. मापात त्या बोटभरही चुकत नसत आणि इतर कुणाला चुकू देत नसत.

"या साहेब," मामा म्हणाले. "आमची भाची म्हणाली, तुम्हाला बघायचंय मी गाडी कशी वापरतो. बघाच."

चौघे गाडीत बसले. मामी पुढे बसल्या, कारण त्या पुढे नसल्या की मामांना उजवं-डावं कळत नसे. मागे मास्तरीण आणि आकडेवाला. आकडेवाल्याने मागच्या सीटवरचा पट्टासुद्धा लावला आणि दोनदा ओढून पाहिला.

"तुमच्या गाडीत हे सगळं चालू असतं का हो?" मामांनी आरशातून विचारलं.

"माझ्याकडे गाडी नाही."

"मग काय आहे?"

"आकडे," आकडेवाला म्हणाला.

मामांनी गाडी सुरू केली. समोर पाच हिरवे दिवे लागले. "आता बघा हं," म्हणत त्यांनी जादूगारासारखी बाही मागे सारली, चांदणीवर अंगठा दाबून धरला, आणि पाचही दिवे एकापाठोपाठ एक विझले. बारीकसा टुंग असा आवाज आला.

"झालं!" मामा म्हणाले. "रोज सकाळी, न चुकता. गाडी सुरू केली की आधी हे, मग गिअर. भाचीनं शिकवलंय."

मास्तरीण खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक विजेचा खांब होता.

"आणि एवढ्यावर थांबलो नाही मी," मामा रंगात आले. "समोर ते फिजिओथेरपिस्ट राहतात. त्यांची गाडी हीच, पण दुसऱ्या शोरूममधली. तिथे म्हणे कसलीशी फिल्म दाखवतात आणि किल्ली देऊन टाकतात. बिचाऱ्याला हे बटण ठाऊकच नव्हतं! वर्षभर त्या बाईची बोलणी खात होता. परवा मीच लावून दिलं. डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या."

"अहो, पुरे," मामी म्हणाल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, पण भाचीचा चेहरा त्यांना आरशात दिसला होता.

आकडेवाल्याने लिहायचं थांबवलं. काही वेळ तो पेनाच्या टोपणाकडे बघत राहिला.

"म्हणजे बाकीच्या शोरूममधले लोक हे वापरत नाहीत," तो सावकाश म्हणाला. "त्यांना ते बंद करता येत नाही."

"हो," मास्तरीण म्हणाली. आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आणि तुमच्या लोकांना येतं."

"मी करून घेते त्यांच्याकडून."

"बंद नसेल तर चालू," आकडेवाला स्वतःशी मोजल्यासारखं बोलला. "चालू असेल तर वापर. असं धरलंय." मग तिच्याकडे वळून, कुठलाही सूर न लावता, तो म्हणाला, "तुम्ही फार चांगलं शिकवता. आकड्यांच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही."

मामांना वाटलं, भाचीचं कौतुक झालं. "आहेच ती हुशार," ते म्हणाले. "लहानपणी आमच्या घरचा रेडिओ उघडून ठेवला होता हिनं."

"तो पुन्हा लागला नाही," मामी म्हणाल्या.

आकडेवाल्याने विनंती केली की आज सगळं चालू ठेवून एक फेरी मारावी. मामांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने मान हलवली. मामांनी चांदणी पुन्हा दाबली, पाचही दिवे लागले आणि गाडी गल्लीतून बाहेर पडली.

पहिल्या वळणालाच चहाचा कप उमटला. "आपण थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्या," गाडीतली बाई म्हणाली.

"आत्ता तर उठलोय!" मामा म्हणाले.

"डोळे उघडा जरा," मामी म्हणाल्या.

"उघडेच आहेत."

"लग्नात फोटोवालासुद्धा हेच सांगून दमला होता."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. रस्ता रुंद केल्यावर नवे पट्टे मारले होते, पण जुने पुसायचं राहून गेलं होतं. गाडीला दोन्ही दिसत होते. मामा नव्या पट्ट्यात राहिले की ती जुन्यासाठी थरथरे आणि जुन्याकडे सरकले की नव्यासाठी. पुढे एक ट्रक चालला होता. त्याच्या पाठीवर त्याची स्वतःची वेगमर्यादा चिकटवलेली होती. गाडीने तो आकडा वाचला आणि बाई बोलू लागली, "वेगमर्यादा ओलांडली आहे." ट्रक वळून जाईतो ती तेच सांगत राहिली. शेजारून सायकली गेल्या तशी पीप पीप सुरू झाली. मामांचे खांदे कानापर्यंत चढले.

"साहेब, लिहून घ्या," ते मागे वळून म्हणाले. "एका सासूचं माणूस ऐकून घेतो. इथं पाच आहेत आणि पाचही एकदम बोलायला लाग..."

गाडी थांबली.

थांबली म्हणजे मामांनी थांबवली नाही. चौघेही पट्ट्यात पुढे फेकले गेले आणि परत सीटवर आदळले. मामींच्या मांडीवरची पर्स पायाशी पडली. समोर, बॉनेटपासून हाताच्या अंतरावर, दोन उभ्या टेम्पोंच्या फटीतून एक गादी रस्त्यात आली होती. दुहेरी, जाड, पट्ट्यापट्ट्यांची. ती डोक्यावर घेऊन एक माणूस चालला होता. गादीच्या दोन्ही कडा त्याच्या खांद्यांवरून खाली लोंबत होत्या, त्यामुळे त्याला ना डावीकडचं दिसत होतं ना उजवीकडचं. कंबरेखालचा भाग तेवढा दिसत होता. तो गाडीसमोरून गेला. थबकला नाही, वळला नाही. आपल्या शेजारी काही घडलं हे त्याला कळलंच नाही. पलीकडच्या फुटपाथवर चढून तो एका दुकानात शिरला. गादी दारात अडकली, त्याने ती तिरकी केली आणि आत नेली.

गाडीतली बाईसुद्धा गप्प होती.

"मी पाहिलं होतं," मामा म्हणाले.

"काय पाहिलं होतं?" मामींचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही मागे तोंड करून सासूबद्दल बोलत होता."

मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पाठीमागून हॉर्न वाजू लागले.

"गादी पाहिली होती," ते जरा वेळाने म्हणाले. "खालचा माणूस नव्हता पाहिला."

परतीच्या वाटेवर मामांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. चहाचा कप दोनदा उमटला. मामांनी दोन्ही वेळा डोळे ताणून मोठे केले.

घरासमोर गाडी लागली. मामी उतरल्या नाहीत. मास्तरीणही उतरली नाही. आजवर किती जणांचा अंगठा आपण त्या चांदणीवर ठेवला असेल, याचा हिशेब तिच्या डोक्यात सुरू झाला होता आणि तो तिला थांबवता येत नव्हता. त्या पाचांमध्ये ब्रेकचं हे एक आहे हे ती प्रत्येकाला सांगत असे. सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणू शकलं नसतं.

"ब्रेक लागल्याचं वर कळलं असेल का?" तिने विचारलं.

"कळलं असेल," आकडेवाला म्हणाला. त्याचा चेहरा अजून पांढराच होता. "एक वेळा, असं."

"आणि काल बंद असताना कुणी आडवं आलं असतं तर?"

"तर काही कळलं नसतं. बंद होतं, एवढंच."

मामांचा अंगठा सवयीने चांदणीकडे गेला.

"हात काढा तिथून," मामी म्हणाल्या.

"अगं, ती बाई फार बोलते गं."

"बाईला गप्प करा. कप काढून टाका. थरथर बंद करा. ब्रेकला हात लावाल तर मी चालत जाईन दुकानात."

दुकान घराच्याच पुढच्या बाजूला होतं, पण हे कुणी बोलून दाखवलं नाही.

"सरक, मामा," मास्तरीण म्हणाली. ती चालकाच्या सीटवर बसली, पडद्यात आत-आत शिरली आणि चांदणीच्या यादीतून ब्रेक काढून टाकला. दाबून पाहिलं. चार दिवे विझले, एक राहिला. मग तिने मामांकडून दाबून घेतलं. आकडेवाला बाहेर उभा राहून खिडकीतून बघत होता.

"चार बंद आणि एक चालू असेल तर तुमच्याकडे काय धरतात?" तिने विचारलं.

"बंद. पाचांचा मिळून एकच आकडा आहे."

"तो माणूस त्या एकामुळे वाचला."

"मी होतो गाडीत," आकडेवाला म्हणाला.

दुपारी मॅनेजरच्या केबिनमध्ये तिघे बसले. आकडेवाल्याने आपला निर्णय वाचून दाखवला. पडदा लावण्याची गरज नाही. समजावणारी व्यक्ती ठेवावी. मात्र तिने बंद करायला शिकवू नये.

मॅनेजरने हुश्श केलं. "झालं तर! मास्तरीणबाई, चालू कसं करायचं तेवढं शिकवा."

"ते आपोआप चालू होतं," मास्तरीण म्हणाली.

"मग काम हलकं झालं तुमचं!"

"ग्राहकाने विचारलं, बंद कसं करायचं, तर?"

"सांगायचं नाही," आकडेवाला म्हणाला.

"मला येत नाही, असं सांगू? किल्ली हातात घेऊन?"

मॅनेजरने आकडेवाल्याकडे पाहिलं. एवढं धडधडीत खोटं मॅनेजरलाही पेलवेना. "साहेब, असं करू," तो म्हणाला. "एकदा विचारलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. दोनदा विचारलं तर मग..."

"दोनदा सगळेच विचारतात," मास्तरीण म्हणाली.

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" मॅनेजर कळवळून म्हणाला.

आकडेवाल्याने विचार केला. "तीनदा," तो म्हणाला. "तीनदा विचारणारा माणूस फिल्म बघूनही शोधून काढेल. त्याची गाडी गेली असंच धरू."

"चालेल," मॅनेजर म्हणाला.

"ब्रेकचं वेगळं काढा," मास्तरीण म्हणाली. "ते कुणी शंभरदा विचारलं तरी सांगायचं नाही, असा नियम करा. बाकी चार मी विचारल्याबरोबर सांगेन."

"वेगळा नियम केला तर वेगळा आकडा करावा लागतो. ते माझ्या हातात नाही." आकडेवाल्याने लॅपटॉप मिटला. "पाचांना एकच नियम. पुढचे आकडे येईपर्यंत तुमची जागा राहील. त्यानंतर आकडे काय म्हणतात ते बघू."

नियम दोन दिवसांनी छापून आला. ग्राहकाने एखाद्या सुविधेबाबत तीन वेळा विचारणा केल्यास ती बंद करण्याची पद्धत सांगण्यात यावी. मॅनेजरने तो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि, कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून, मागच्या छपराच्या खांबाला टांगला. तिथे तो ग्राहकांच्याही डोळ्यांसमोर राहतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

नियमानंतरची पहिली गाडी एका दातांच्या डॉक्टरांची होती. बरोबर बायको होती. मास्तरणीने काचा, आरसे, वायपर सगळं त्यांच्या हातून करून घेतलं. मग वेगाची बाई बोलली.

"हिला बंद कसं करायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डिकी अशी उघडते," मास्तरीण म्हणाली.

"नाही, ही बाई. बंद कशी होते?"

"जादा चाक इथं खाली आहे."

डॉक्टर गोंधळले. बायकोने तोवर खांबावरचं वाचून काढलं होतं. "अहो, तीनदा विचारायचं असतं इथं," ती म्हणाली.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मास्तरणीने सांगितलं. पुढच्यापासून त्यांनी वेळ वाचवला. "लेनचं बंद कसं करायचं, बंद कसं करायचं, बंद कसं करायचं?" त्यांनी एका श्वासात विचारलं. तिने सांगितलं. कपाचं विचारलं, तिने सांगितलं. पीप पीपचं विचारलं, तेही सांगितलं. चारही गोष्टी तिने चांदणीला लावून दिल्या आणि डॉक्टरांकडून दाबून घेतलं. पुढच्या आकड्यांत ही गाडी बंद म्हणूनच धरली जाणार होती. ते तिला माहीत होतं.

"आणि हा एक दिवा राहिला की," डॉक्टर म्हणाले. "ब्रेकचा. तो बंद कसा करायचा, बंद कसा करायचा, बंद कसा करायचा?"

मास्तरीण आपल्या ओढणीच्या टोकाने बाहेरचा आरसा पुसत होती. आरसा स्वच्छ होता.

"दोनदाच ऐकू आलं," ती म्हणाली.

"तीनदा विचारलं मी."

"दोनदाच आलं."

"बरं." डॉक्टरांनी घसा साफ केला. आवारात दुसरा कसलाही आवाज नव्हता. "तो बंद कसा करायचा?"

मास्तरणीने खांबावरचा नियम पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत, वाचून काढला. चौथ्यांदा विचारलं तर काय करायचं, याबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

ब्रेकचा दिवा तसाच ठेवून तिने किल्ली डॉक्टरांच्या हातावर ठेवली.